कॉल उचलता येणं आणि कॉल लावता येणं

आईवडिलांना व्हिडिओ कॉलसाठी टॅब्लेट घेऊन द्यावा की नाही, हा वाद हल्ली घराघरात होतो आणि ज्येष्ठ नागरिक संघांच्या बैठकांतही होतो. एक बाजू म्हणते, या वयात त्यांना हे जमणार नाही, उगाच डोक्याला ताप. त्यापेक्षा आपण फोन केला की आपोआप उचलला जाईल असं काहीतरी बसवून द्या. दुसरी बाजू म्हणते, त्यांना सगळं जमतं, मुलांनाच शिकवायला धीर नाही. तिसरी बाजू आणखी कडू बोलते: लांब गेलेल्या मुलांनी भेटीचं कर्तव्य पडद्यावर उरकायचं ठरवलंय, त्याला आपण हातभार कशाला लावायचा? म्हाताऱ्यांची बुद्धी, मुलांचा धीर, मुलांची माया, यांवर तावातावाने बोललं जातं. टेबलावरच्या त्या स्टँडकडे, आतल्या सिमकार्डाकडे, भिंतीवरच्या बटणाकडे मात्र कोणी बघत नाही. माझं म्हणणं असं, की बहुतेक घरांत चुकते ती मांडणी, आणि ती नीट करणं हे मदत करणाऱ्याचं काम आहे. मदत खरोखर झाली की नाही, याची कसोटीही एकच आहे. दुपारी तीन वाजता घरात दुसरं कोणी नसताना आजींना स्वतःहून कॉल लावता येतो का? आलेला कॉल उचलता येणं ही अर्धीसुद्धा मजल नाही.

'आईला दहा वेळा दाखवलं तरी विसरते' ही तक्रार आधी घेऊ, कारण ती सगळ्यात जास्त ऐकू येते. अँड्रॉइड टॅब्लेटवर व्हॉट्सॲपचा कॉल आला आणि पडदा बंद असला, तर सबंध पडद्यावर मुलाचं नाव उमटतं आणि खालचं बटण बोटाने वर सरकवावं लागतं. तोच कॉल आजी नातवाचे फोटो बघत असताना आला, तर वरच्या कडेला एक अरुंद पट्टी येते. तिच्यावर कॉल घ्यायचं आणि नाकारायचं अशी दोन बटणं असतात, आणि तिथे सरकवायचं नसतं, टिचकी मारायची असते. आजी काल शिकवल्याप्रमाणे बोट वर सरकवतात, पट्टी निघून जाते, घंटी वाजत राहते आणि आता कुठे काय दाबायचं ते कळेनासं होतं. त्या विसरल्या का? त्यांना कालचा धडा चोख आठवला होता; आज प्रश्नच वेगळा आला. यावरचा उपाय साधा आहे. टॅब्लेट फक्त कॉलसाठी ठेवायचा. भजनं, बातम्या, फोटो हे सगळं फोनवर किंवा टीव्हीवर. मग पडदा एरवी बंदच असतो आणि कॉल कायम एकाच रूपात समोर येतो.

दुसरी तक्रार, 'बोट लागतच नाही' किंवा 'भलतंच काहीतरी उघडतं'. टॅब्लेटच्या काचेला दाब कळत नाही. बोट टेकलं की काचेखालच्या विद्युतभारात जो बारीकसा बदल होतो, तो तिला कळतो. वयाबरोबर कातडी कोरडी पडते, आणि जन्मभर भांडी घासलेल्या, शेतात राबलेल्या हातांची बोटं टोकाशी कडक झालेली असतात. अशा बोटाची हलकी टिचकी काचेला पुष्कळदा समजतच नाही. म्हणून आजी जोर लावतात आणि बोट दाबून धरतात. दाबून धरलं की यंत्राला वाटतं चित्र हलवायचं आहे; चित्र जागचं सुटतं, 'काढून टाकू का' असं विचारतं, आणि पुढच्या टिचकीला मुलीचा फोटो पडद्यावरून नाहीसा होतो. हात कापत असेल तर टिचकीचं सरकवणं होतं. याला बरेच उपाय आहेत आणि सगळे स्वस्त आहेत. बोट लावण्याआधी ओलसर फडक्याला टेकवायचं. रबरी टोकाचं पेन घेऊन स्टँडला दोरीने बांधायचं. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीखाली 'टच अँड होल्ड डिले' असतं, ते 'लाँग' करायचं. आयपॅडवर हीच कामं 'टच अकॉमोडेशन्स' करतं. सॅमसंगच्या टॅब्लेटवर होम स्क्रीनची मांडणी कुलूपबंदही करता येते.

बोटाचा हा प्रश्न आपल्या सरकारलाही चांगला परिचयाचा आहे. पेन्शन घेणाऱ्यांना दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये 'जीवन प्रमाण' सुरू झालं, दाखला बोटाच्या ठशावर मिळू लागला, आणि झिजलेल्या ठशांची माणसं यंत्रासमोर पुन्हा पुन्हा बोट टेकवत बसली. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये चेहरा ओळखून दाखला द्यायची सोय झाली. झिजलेलं बोट बदलता येत नाही, हे तिथे मान्य करावं लागलं आणि पद्धत बदलली. घरातल्या टॅब्लेटच्या बाबतीत मात्र आपण अजून बोटालाच दोष देतो.

शिकण्याचा वेग वयाबरोबर मंदावतो, हे खरं आहे आणि ते नाकारण्यात शहाणपणा नाही. तिशीत दोनदा करून जे हातात बसतं, ते पंच्याहत्तरीत वीसदा करावं लागेल. पण 'या वयात नवीन डोक्यात शिरत नाही' असं सरसकट म्हणणाऱ्यांनी १९५७ साल आठवावं. १ एप्रिल १९५७ रोजी सोळा आण्यांचा, चौसष्ट पैशांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. पाठोपाठ शेर आणि मण जाऊन किलो आले. त्या वर्षी साठी-सत्तरीत असलेली, शाळेचं तोंड न पाहिलेली असंख्य माणसं बाजारात गेली आणि शिकली. कशी शिकली? जुनी नाणी एका रात्रीत बाद केली नव्हती; दोन्ही काही काळ शेजारी शेजारी चालली. किती आण्यांचे किती नवे पैसे, याचे तक्ते होते. नाण्यावरचा 'नये' हा शब्द १९६४ पर्यंत ठेवला होता. आणि लोकांनी पंचवीस पैशांना चार आणे म्हणणं कधी सोडलंच नाही. २०११ मध्ये ते नाणं चलनातून गेलं तोवर ते चार आणेच होतं. नव्या हिशेबाला जुन्या शब्दाची खुंटी मिळाली म्हणून तो टिकला.

मग आजीला 'स्क्रीन अनलॉक करून आयकॉनवर टॅप कर' असं का सांगायचं? टिचकी मार, वर सरकव, कॅमेऱ्याचं चित्र, हे शब्द आहेतच की. मुलाचा नंबर 'श्रीकांत यूएस न्यू' या नावाने ठेवलेला असतो. ती त्याला बाळू म्हणते, तर तिथेही देवनागरीत बाळूच हवं. व्हॉट्सॲपवर दिसणारा फोटो ज्याचा त्याने लावलेला असतो, म्हणून मुलांनी तिथे स्वतःचा चेहराच ठेवावा. सूर्यास्त किंवा गाडीचा फोटो लावला की आईला तो कोण ते कळत नाही. अँड्रॉइडवर त्या माणसाचा चॅट उघडून वरच्या तीन ठिपक्यांतून 'ॲड शॉर्टकट' केलं की तो थेट होम स्क्रीनवर येतो. चार माणसं, चार चित्रं. बाकी सगळं मागच्या पानावर. मग कॉल लावायचा म्हणजे दोनच टिचक्या: चेहऱ्यावर एक, कॅमेऱ्याच्या चित्रावर एक.

आता टेबलाकडे. दहा-अकरा इंची टॅब्लेट साधारण अर्धा किलोचा असतो. तो हातात धरून बोलायचं म्हटलं की पाच मिनिटांत मनगट दुखतं, अंगठा कॅमेऱ्यावर येतो आणि पलीकडच्यांना छताचा पंखा आणि कपाळ दिसतं. दुमडून उभं राहणारं कव्हर मेणकापडावर घसरतं. जड बुडाचा स्टँड हवा, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर हवा आणि जागा कायमची ठरलेली हवी. २०२२ मधल्या दहाव्या पिढीच्या आधीच्या आयपॅडचा पुढचा कॅमेरा आखूड बाजूला आहे. असा आयपॅड आडवा ठेवला की आजी सतत कुठेतरी बाजूला बघतायत असं वाटतं, म्हणून तो उभाच ठेवावा. खिडकी पाठीमागे आली की चेहऱ्याची काळी सावली होते. खिडकी समोर घ्या, रात्री दिवाही समोर घ्या. कॉलचा आवाज आणि गाण्यांचा आवाज वेगवेगळा असतो. कॉलचा आवाज कॉल चालू असतानाच वाढवावा लागतो, त्यामुळे पहिल्याच दिवशी कॉल लावून तो पूर्ण वर नेऊन ठेवायचा. कॅमेरा आणि माइकची परवानगीही तेव्हाच देऊन टाकायची, नाहीतर एरवी न दिसणारा एक इंग्रजी प्रश्न ऐन वेळी समोर येतो, घाबरून 'नाही' दाबलं जातं आणि नंतर 'यात माझं तोंडच दिसत नाही' अशी तक्रार येते.

आणि बटणं. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना एक सवय असते, चांगली सवय: रात्री झोपताना घरातली सगळी बटणं बंद करायची. त्यात वायफायचा राउटर जातो आणि चार्जरही जातो. सकाळी टॅब्लेट मेलेला असतो आणि कॅलिफोर्नियातली मुलगी 'आई फोन का उचलत नाही' म्हणून शेजाऱ्यांना उठवते. ही सवय मोडायच्या भानगडीत पडू नये. राउटर आणि टॅब्लेट एका वेगळ्या बोर्डावर घ्यावेत, त्या दोन बटणांवर रंगीत चिकटपट्टी लावावी, आणि चार्जरची वायर स्टँडला बांधून टाकावी, म्हणजे कोणी ती फोनसाठी उपटून नेणार नाही. सतत प्लगला लावलेल्या टॅब्लेटची बॅटरी फुगू शकते, म्हणून ज्यात सोय असेल त्यात चार्जिंग ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांवर थांबवायची सेटिंग चालू करावी. जिथे वीज वरचेवर जाते तिथे राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घ्यावा. राउटर गेला की टॅब्लेट चार्ज असूनही कॉल तुटतो आणि आजींना वाटतं आपल्याच हातून काही चुकलं.

यानंतरचा बिघाड सहसा कोणाच्या लक्षातच येत नाही. टॅब्लेटवरचं व्हॉट्सॲप बहुतेक घरांत फोनवरच्या खात्याला जोडलेलं असतं. 'आता टॅब्लेट आहे, फोन कशाला' म्हणून फोन कपाटात जातो, त्याची बॅटरी संपते, आणि तो १४ दिवसांहून जास्त वापरला नाही की जोडलेली यंत्रं आपोआप बाहेर काढली जातात. पंधराव्या-सोळाव्या दिवशी टॅब्लेटवर ठिपक्यांचा एक चौकोन (क्यूआर कोड) येतो. तो फोनने वाचायचा असतो, हे एकट्या आजींनी कसं ओळखायचं? म्हणून खातं त्या रोज वापरतात त्याच फोनच्या नंबरावर हवं, किंवा टॅब्लेटमध्ये सिम असेल तर रिचार्जची तारीख मुलांच्या कॅलेंडरात हवी. ॲप आपोआप अपडेट होणं मी बंद ठेवीन, पण महिन्यातून एकदा स्वतः बसून करीन. फार जुनं झालेलं व्हॉट्सॲप चालेनासं होतं, आणि नव्याने काही हललं असेल तर ते दाखवायला तेव्हा माणूस शेजारी असतो. इथे दोष कुटुंबाचाच असतो असंही नाही. स्काइपवर वर्षानुवर्षं हात बसलेल्या किती आईवडिलांना ५ मे २०२५ नंतर, ते बंद झाल्यावर, पुन्हा मुळाक्षरांपासून सुरुवात करावी लागली! गॅसच्या शेगडीचं बटण एका रात्रीत डावीकडून उजवीकडे गेलं असतं, तर तरुण सुनेचाही हात पोळला असता.

इतकी मांडणी करण्यापेक्षा घरातल्या कोणीतरी कॉल लावून टॅब्लेट आजींच्या हातात दिला तर काय बिघडलं? बरंच बिघडतं. मुंबईच्या जीपीओसमोर कबुतरखान्यापाशी पत्र लिहून देणारे लेखनिक बसत. लिहिता न येणारा कामगार त्यांना मजकूर सांगे आणि गावी पत्र जाई. ती सेवा मोलाची होती. पण तिऱ्हाइताच्या कानावर घालून बायकोला काय लिहिता येतं? खुशाली, पैसे पाठवल्याचं, पावसापाण्याचं. सुनेने कॉल लावून दिला आणि ती तिथेच उभी राहिली, तर सासू मुलीशी खुशालीच बोलणार. 'गुडघा दुखतोय', 'पैसे हवे होते', 'इथे करमत नाही', ही वाक्यं कॉल स्वतः लावणाऱ्याच्याच तोंडून निघतात. सून वाईट असते म्हणून नव्हे. प्रत्येक माणसाला कोणाशी तरी एकट्याने बोलायचं असतं म्हणून.

आपोआप उचलल्या जाणाऱ्या कॉलच्या बाजूने सगळ्यात भक्कम मुद्दा स्मृतिभ्रंशाचा आहे आणि तो मी पूर्ण मान्य करतो. ज्याला घंटी कशाची तेच कळत नाही, ज्याचा हात पक्षाघाताने उचलत नाही, त्याच्यासाठी ही सोय म्हणजे आधार आहे. तिथेही ती दिवसातल्या ठरलेल्या वेळी, ठरलेल्या दोन नंबरांसाठी, आणि शुद्धीवर असताना त्या माणसाला विचारून असावी. पण धडधाकट आईच्या खोलीत असा डोळा बसवणं ही वेगळी गोष्ट झाली. आपल्याकडे पाहुणा उंबरठ्याबाहेर थांबून 'आहे का कोणी घरात?' अशी हाक देतो. आतल्या बाईला पदर सावरायला, पसारा आवरायला, किंवा 'आत्ता नको' म्हणायला तेवढा वेळ मिळतो. कॉलची घंटी म्हणजे तीच हाक आहे. मुलाचं प्रेम कितीही असलं तरी हाक न देता आत यायचा हक्क त्याला कोणी दिला?

फसवणुकीची भीतीही खोटी नाही. पोलिसाच्या वेशात व्हिडिओ कॉल करून 'तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे' असं धमकावत म्हाताऱ्या माणसांची आयुष्यभराची पुंजी लुटली गेली आहे. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांना यावर बोलावं लागलं. पण हा धोका टॅब्लेट काढून घेतल्याने टळत नाही, कारण तो फोनवरही येतो. तो टळतो पैसा आणि पडदा वेगळे ठेवल्याने. या टॅब्लेटवर बँकेचं ॲप नको, यूपीआय नको. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, मग कॉल्स, तिथे 'सायलेन्स अननोन कॉलर्स' चालू करायचं. अनोळखी कॉलची घंटीच वाजत नाही. याची किंमत एवढीच, की नव्या नर्सचा नंबर आधी नोंदवून ठेवावा लागतो. आजींना तीन गोष्टी पाठ हव्यात: कॉलवर अटक करायची तरतूद कोणत्याही कायद्यात नाही, आपला पडदा दुसऱ्याला दाखवायची विनंती आली तर कॉल कापायचा, पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर फोन करायचा. ज्यांना रोज मुलांशी बोलता येतं, त्यांना धमकीच्या वेळी 'थांबा, मुलाला विचारते' म्हणायला जागा असते. भामटे नेमकं तेच टाळायला सांगतात: कॉल कापू नका, कोणाला सांगू नका.

राहिला भेटीच्या जागी पडदा येण्याचा आक्षेप. पडद्यावरून पाय चेपता येत नाहीत आणि आमटीचा वास येत नाही, हे कोण नाकारील? कानाने ज्यांना नीट ऐकू येतं अशा अनेकांना साधा फोनच जास्त आवडतो, तोही त्यांचा हक्क आहे. पण उतारवयात आधी जातात ते बारीक आवाज, स, श, त, फ यांसारखे; अशा वेळी समोरचे ओठ दिसले की निम्मं बोलणं सावरतं. आणि चित्र लबाडी करू देत नाही. फोनवर 'बरी आहे गं' म्हणून निभावतं. पडद्यावर सुजलेले पाय दिसतात, सैल झालेल्या बांगड्या दिसतात, एकाच साडीचा तिसरा दिवस दिसतो. तिकीट काढायला लावणारं कारण फोनपेक्षा चित्रातून लवकर कळतं. चाकरमानी मुंबईहून दर महिन्याला पत्र आणि मनीऑर्डर पाठवत होते म्हणून गणपतीला कोकणात जायचे थांबले का?

या आक्षेपात आणखी एक गृहीत दडलेलं असतं, की हा प्रश्न कोथरूड आणि कॅलिफोर्नियाचा आहे. बीडचं काय? तिथल्या शेकडो गावांतून दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि पाच-सहा महिन्यांनी परततात. मागे राहतात म्हातारे आईवडील, आणि त्यांच्या पदरात नातवंडं. तिथे प्रश्न परदेशी मुलाच्या अपराधभावाचा नाही. पाच वर्षांच्या पोराला त्याची आई रोज दिसावी, एवढाच आहे. त्या घरात टॅब्लेट नाही, बऱ्याचदा आजीकडे बटणांचा फोन आहे. कोथरूडच्या आजींना कोणी ना कोणी शिकवील. या आजीला कोण शिकवणार?

शिकवण्याबद्दल बोलायचं तर पहिला नियम: शिकवणाऱ्याने आपले हात पाठीमागे बांधून बसायचं. 'दे इकडे, मी करते' म्हणून टॅब्लेट ओढला की धडा संपला. पहिले कॉल शेजारच्या खोलीतून लावायला सांगा. समुद्रापलीकडून नको, कारण तिथे आवाज पोचायला उशीर होतो, दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात, आणि नवशिक्याला वाटतं काहीतरी बिघडलं. एका बैठकीत दहा वेळा करण्यापेक्षा सकाळ, दुपार, संध्याकाळ एकेकदा, आठवडाभर. तीनच गोष्टी शिकवायच्या: लावायचा, ठेवायचा, आणि पडदा गोंधळला तर कोणतं बटण दाबून पहिल्या पानावर यायचं. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, कारण भीती असते ती 'मोडेल' याची, आणि परत यायची वाट माहीत असली की बोट धीट होतं. पायऱ्या त्यांनी स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या शब्दांत लिहाव्यात आणि तो कागद स्टँडपाशी चिकटवावा. अमेरिकेत मुलं असतील तर घड्याळाचीही एक ओळ हवी: कॅलिफोर्नियात रात्री साडेआठ म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळचे नऊ, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारनंतर दहा. हे सांगितलं नाही तर आई तासभर पडद्यासमोर बसून राहते.

हे सगळं घरोघरी कुटुंबाने करावं म्हणून सोडून दिलं, की ज्यांच्या घरी कोणी नाही ते सुटतात. 'प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान' २०१७ मध्ये मंजूर झालं, दर घरातून एक याप्रमाणे सहा कोटी घरांचं लक्ष्य होतं, आणि वयाची अट होती १४ ते ६०. ज्यांना सगळ्यात जास्त गरज, ते अर्ज करायलाच पात्र नव्हते. केरळने २१ ऑगस्ट २०२५ रोजी स्वतःला संपूर्ण डिजिटल साक्षर राज्य म्हणून जाहीर केलं, तेव्हा तिथल्या विद्यार्थ्यांत वयाची शंभरी ओलांडलेले गृहस्थही होते. वयाची वरची मर्यादा तिथे पाळलीच नव्हती. आणि आपल्याकडे ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढच्या बायका गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून, घरची कामं उरकल्यावर दुपारी अक्षरं गिरवू लागल्या. त्यांना वेळ सोयीची होती, शिकवणारी ओळखीची होती, शेजारी बसलेलीही तेवढीच अडखळत होती. व्हिडिओ कॉलला याहून वेगळं काय लागतं?

चाळीस ज्येष्ठांना खुर्च्यांवर बसवून प्रोजेक्टरवर दाखवलं तर कोणी काही शिकत नाही, कारण प्रत्येकाच्या हातातला पडदा वेगळा दिसतो. एका वेळी चौघं-पाचजण, ज्याचं त्याचं यंत्र, आणि आठवड्यातून एक ठरलेला वार हवा. शहरात महापालिकांची विरंगुळा केंद्रं आहेत. गावात १९६७ च्या कायद्याखाली अनुदान मिळणारी सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. तिथे भिंत आहे, वीज आहे, ओळखीचा ग्रंथपाल आहे. ज्यांच्याकडे यंत्र नाही त्यांच्यासाठी तिथे एक टॅब्लेट, एक जड स्टँड, रबरी टोकाची दोन पेनं, राउटर आणि त्याचा यूपीएस ठेवावा, आणि तो टॅब्लेट एका कोपऱ्यात कापडी पडद्याआड ठेवावा, म्हणजे बोलणाऱ्याला रडताही येईल. फक्त ग्रंथालयाची वेळ बघायला हवी. ऊसतोडीवर गेलेली लेक दिवसभर फडात असते आणि अंधार पडल्यावर कोपीवर, म्हणजे आपल्या झोपडीवर, परतते. तिच्या आईला आणि पोराला तिच्याशी बोलायचं असेल, तर ते दार संध्याकाळी सातनंतर उघडं असलं पाहिजे.